अण्णांनी वाजवून पाहिलेलं इंग्रजी

दामूअण्णा कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायचे. हंडे-कळशा वाजवणं हा तर त्यांचा धंदाच होता, पण कलिंगड, लाकडी दार, पाण्याच्या टाकीचं झाकण, एवढंच काय, सुनेनं तव्यावरून उतरवलेली कडक भाकरीसुद्धा ते मधलं बोट दुमडून टकटक वाजवायचे, मान डावीकडे कलती करायचे आणि मगच पुढचं बोलायचे. निकाल दोनच असत: ‘खणखणीत’ किंवा ‘बद्द’. मधला प्रकार त्यांना मान्य नव्हता. मी एकदा म्हटलं, “अण्णा, ‘चालेल’ असं काही नसतंच का हो?” तर म्हणाले, “बाई, चालेल म्हंजी बद्दच. लोकं लाजून चालेल म्हणतात.”

नाशिकच्या भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांचा तांबटकामाचा गाळा आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास. तेरा वर्षांपूर्वी मी ती खोली घेतली ती सकाळी आठ वाजता पाहून. आठ वाजता ती गल्ली एखाद्या आश्रमासारखी शांत असते. क्लासच्या पहिल्या दिवशी दहा वाजता मी फळ्याकडे वळले आणि खालून सुरू झालं, ठण ठण ठण ठण. समोरची अकरा मुलं माझ्याकडे बघायची सोडून फरशीकडे बघायला लागली. मी तशीच तरातरा जिना उतरून खाली गेले. मला तेव्हा राग फार लवकर यायचा. आताही येतो, पण गुडघ्यांमुळे जिना उतरेपर्यंत अर्धा निवतो.

खाली एक किडकिडीत गृहस्थ मांडीत हंडा धरून बसले होते. अंगात बंडी, कानात सोन्याची बारीक बाळी, आणि भुवया तांब्याच्या धुळीनं लालसर झालेल्या. मी म्हटलं, “अहो, वर क्लास चालतो. तुमच्या आवाजानं मुलांना काही ऐकू येत नाही.” त्यांनी हातोडी बाजूला ठेवली, माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचाबी आवाज खाली येतो, बाई. मी आलो का वर सांगायला?” लगेच त्यांनी पुढचा ठोका टाकला. “आणि एक सांगू का? आत्ता रागावलात ना, ते खणखणीत वाजलं. वर तुम्ही इंग्रजी बोलता, त्याला पत्रा पातळ लागलाय.”

मी इंग्रजीत एम.ए., तेही पहिल्या वर्गात. ज्या माणसाला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही त्यानं माझ्या इंग्रजीची जाडी मोजावी, हे मला त्या दिवशी फार लागलं. इतकं लागलं, की दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याच गाळ्याच्या दारात उभं राहून मी इमारतीच्या मालकांना फोन लावला आणि सरळ इंग्रजीत म्हटलं, की खालच्या माणसाला दुसरीकडे हलवता येईल का ते बघा. अण्णा माझ्यापासून तीन हातांवर बसून कळशीला कडी लावत होते. फोन ठेवला तेव्हा म्हणाले, “माझंच चाललं होतं ना?” मी “नाही, नाही” म्हटलं. ते हसले. “मराठीतनं चाललेला माणूस समोरच्याकडं बघून एकदम इंग्रजीत शिरला की समजायचं, विषय आपला हाय. बँकेत तेच, वकिलाकडं तेच. बोला हो बिनधास्त. पन शेवटाला तुमचा आवाज मऊ पडला, म्हंजी तुम्ही काय मला घालवणार नाय.” खरंच, मालक “बघतो” म्हणाले तेव्हा मीच “राहू द्या” म्हणून फोन ठेवला होता.

त्यानंतर आमचा तह झाला. जड ठोकाठोक सकाळी दहाच्या आत. क्लास चालू असताना फक्त मठारकाम, म्हणजे घडवलेल्या भांड्यावर छोट्या हातोडीनं एकसारखे हलके ठोके मारत जायचं. त्यानं तांबं कठीण होतं आणि अंगावर चंदेरी-लाल ठिपक्यांची नक्षी उठते. तो आवाज खालून एका लयीत येत राहायचा. माझी मुलं त्या लयीवर क्रियापदं पाठ करायची. सिन्नरचा एक मुलगा मुलाखतीला गेला तेव्हा परत येऊन म्हणाला, “मॅम, तिथं एकदम सायलेंट होतं, त्यामुळं मला काही सुचेना.”

दुपारच्या चहाला मी खाली जाऊ लागले. एकदा विचारलं, “अण्णा, तुम्हाला इंग्रजी ऐकू कसं येतं हो?” त्यांनी बशी खाली ठेवली. धंद्यातला प्रश्न विचारल्यासारखा चेहरा केला आणि बराच विचार करून म्हणाले, “हे बघा, आपण बोलतो तवा तोंड उघडं असतं. इंग्रजीवाला तोंडात विडा धरल्यावानी बोलतो, रस बाहेर येऊ नये म्हणून ओठ सांभाळून. मधी मधी फोडणी बसती, स्स, श्श. आणि आपलं बोलणं संपलं की आवाज खाली येतो. त्यांचा संपताना वर चढतो. समोरच्याला वाटतं, अजून काहीतरी यायचं हाय, न् तो वाट बघत बसतो.” मला विद्यापीठात दोन वर्षं उच्चारशास्त्र होतं. त्यातलं आता काही आठवत नाही, हे मात्र आठवतं.

‘सॉरी’वर त्यांचा विशेष राग होता. “रस्त्यात धक्का लागला की पोरं सॉरी म्हणतात. काय वजन हाय का त्याला? ‘चुकलं’ म्हणायला घसा लागतो, बाई. सॉरी दातातल्या दातात निघून जातं.” एका मुलीनं त्यांना मोबाइलवरचं इंग्रजी शिकवणारं अ‍ॅप ऐकवलं. त्यातली बाई फार शुद्ध, फार गोड बोलत होती. अण्णांनी मान कलती करून ऐकलं आणि फोन परत दिला. “हिला पोटच नाय,” एवढंच म्हणाले.

मग मला एक कल्पना सुचली. प्रत्येक बॅचच्या शेवटच्या दिवशी मी मुलांची खोटी मुलाखत घेते. त्या दिवशी अण्णांना वर बोलवायचं, मागच्या स्टुलावर बसवायचं आणि त्यांनी फक्त ऐकायचं. सुरुवातीला मुलं हसली. पण अण्णा एकेकाचं बोलणं झालं की स्टुलाच्या पायावर टकटक करून निकाल द्यायचे आणि तो निकाल माझ्या मार्कांपेक्षा खरा ठरायचा. कॉलेज रोडचा एक देखणा मुलगा होता, सुटाबुटातला. ‘मी अमुक कंपनीत वर्षभर काम केलंय’ म्हणून असं फर्डं बोलला की मीच टाळ्या वाजवल्या. मागून आवाज आला, “बद्द.” मुलगा लाल झाला. नंतर जिन्यात मला म्हणाला, की कंपनीत तो फक्त पंधरा दिवस होता. उलट पेठकडची एक मुलगी होती, कल्पना. आईवडील नागलीची शेती करणारे, ही घरातली पहिलीच शिकलेली. तिचा आवाज मला पहिल्या बाकावर ऐकू यायचा नाही. ती चार वाक्यं बोलली, त्यातली तीन चुकली. अण्णा म्हणाले, “आवाज बारीक हाय, पन पत्रा जाड हाय. ही वाकायची नाय.” मी म्हटलं, “अण्णा, ऐकायला तर यायला हवं ना!” तर म्हणाले, “सगळ्यांनीच काय नारोशंकराची घंटा व्हायचं का, गावभर ऐकू जायला?” आज कल्पना एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला आहे आणि परदेशी पाहुण्यांशी बोलते. दिवाळीला ती मला मेसेज करायची आणि अण्णांना मात्र येऊन भेटायची.

अशी बारा वर्षं गेली. मी त्यांना भाषा शिकवली नाही आणि त्यांनी मला तांबटकाम शिकवलं नाही, पण मुलांना काही सांगताना मी मनातल्या मनात ‘हे बद्द तर वाजत नाही ना’ असं विचारायला लागले होते. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. तो किती होता हे मला कळलं ते फार वाईट रीतीनं.

गेल्या वर्षी गणपतीनंतर अण्णांचं जेवण तुटलं. बंडी अंगावर लोंबायला लागली, डोळे पिवळट दिसायला लागले. त्यांचा मुलगा संजय सिन्नरच्या एमआयडीसीत फोरमन आहे. अबोल, वडिलांवर फार जीव. तपासण्या झाल्यावर तो माझ्याकडे आला. “मॅडम, उद्या डॉक्टर रिपोर्ट सांगणार आहेत. तुम्ही याल का? ते भराभर इंग्रजी बोलतात, मला अर्धं कळतं.” अण्णाही म्हणाले, “बाई असल्या म्हंजी बरं.”

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी “काका, बसा. जेवण जातं का?” असं मराठीतच सुरू केलं. मग त्यांनी लिफाफ्यातून फिल्म काढली, उजेडावर धरली, खुर्ची जराशी माझ्याकडे वळवली आणि विचारलं, “यांना इंग्रजी कळतं का?” हे त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी इंग्रजीत “नाही” म्हटलं. त्या एका ‘नाही’नं अण्णा खोलीच्या बाहेर गेल्यासारखे झाले. ते आमच्या दोघांच्या मध्ये स्टुलावर बसले होते. त्यांच्या डोक्यावरून डॉक्टर सांगत होते, की यकृताचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. सहा महिने, फार तर. मी नीट, सभ्य इंग्रजीत प्रश्न विचारत होते. दुखेल का, काय खायला द्यायचं, काम करू शकतील का. डॉक्टर म्हणाले, पहिले तीन महिने ताकद राहील, त्यांना जे आवडतं ते करू द्या. अण्णा एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, एकदा माझ्या. मान डावीकडे कलती होती.

बाहेर आल्यावर संजयनं मला खांबाआड नेलं. तो आत मागेच उभा होता, अर्ध्या इंग्रजीतूनही त्याला सगळं कळलं होतं. “मॅडम, अण्णांना नका सांगू. हाय खातील. आठ दिवसांत जातील.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान हलवली. आमच्याकडे असंच करतात, माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही असंच केलं होतं, तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. अण्णा बाकावर बसले होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, “काय म्हणाला डॉक्टर?”

“यकृताला सूज आहे, अण्णा. औषधं दिलीत. दोन-तीन महिन्यांत बरं वाटेल.”

ते हळूच म्हणाले, “पन डॉक्टर बद्द वाजला, बाई. सुरवातीला खणखणीत होता. इंग्रजीत शिरला न् आवाज खाली खाली गेला. इंग्रजी असं खाली येत नाय कधी. तुमचाबी तसाच गेला.”

इथं मी थांबले असते तरी चाललं असतं. नुसतं गप्प बसले असते तरी. पण मला त्यांच्या त्या कानाची भीती वाटली आणि भीतीपोटी मी हसले. हसून म्हटलं, “अहो, डॉक्टर लोक असंच बोलतात. तुमचा कान आता म्हातारा झाला, अण्णा. आवाजावरून का कुठे भाषा कळते? मी बारा वर्षं शिकवतेय, माझ्यावर विश्वास ठेवा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान सरळ केली. “खरं हाय,” म्हणाले. “तुम्हाला भाषा कळती. मला नुसता आवाज.”

मी त्यांचं दुखणं लपवलं, याचं मला तितकं वाईट वाटत नाही. ते काम घराघरात चालतं. पण त्यांनी बरोबर ऐकलेलं मी चूक ठरवलं. साठ वर्षं ज्या कानावर त्या माणसानं पोट भरलं, तो कान मी एका वाक्यात, हसत हसत, निकामी करून टाकला. आणि मला ते कळायलाही महिना लागला.

दिवाळीच्या आधी त्यांच्या गाळ्यावर नेहमी गर्दी असते. नवा हंडा, जुनी परात, घेण्याआधी बायका त्यांच्याकडून वाजवून न्यायच्या. त्या वर्षी मी खाली गेले तेव्हा एक बाई कळशी पुढे करून उभी होती आणि अण्णा हात मांडीवर ठेवून बसले होते. “दुसऱ्याकडं दाखवा, ताई. माझा कान गेला आता.” ती बाई गेल्यावर मी म्हटलं, “असं काय करता अण्णा?” ते म्हणाले, “परवा एका भांड्याला खणखणीत म्हणालो न् मग रात्रभर वाटत राहिलं, फुटकं असलं तर? पूर्वी असं कधी वाटलं नाय.” बॅचच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना बोलवायला गेले. “मला काय कळतं त्यातलं,” म्हणाले. “मी आपला उगीच बसायचो. पोरांवर कायबाय बोललो, त्यांनी मनावर नाय घेतलं म्हंजी झालं.”

गाळ्याच्या कोपऱ्यात एक मोठं घंगाळ होतं. नात केतकी हिच्या लग्नाच्या रुखवतात ठेवायचं म्हणून त्यांनी उन्हाळ्यात ते घडवायला घेतलं होतं. केतकी अजून बारावीत, लग्नाचा पत्ता नाही, पण अण्णा म्हणायचे, “माझ्या हातचं हाय म्हणून ठेवायचं. मग लग्न कवाबी होऊ दे.” घडण झाली होती, मठारकाम निम्म्याच्या वर झालं होतं. मठारताना सारखं वाजवून बघावं लागतं, कुठं ठोके कमी पडले तर ती जागा मऊ राहते आणि बद्द बोलते. मी विचारलं, “हे पुरं करत नाही का?” म्हणाले, “कानाचा भरवसा नाय. बरा झाल्यावर करतो. तुम्हीच म्हणालात ना, दोन-तीन महिनं. घाई काय हाय?”

डॉक्टरांनी सांगितलेले ताकदीचे तीन महिने ते हेच होते. तेव्हा मी संजयला म्हणायला हवं होतं, की सांगू या. एकदा जिन्यात तो भेटला, मी तोंड उघडलं, आणि त्यानं “मॅडम, अण्णा हल्ली बरे दिसतात ना?” असं विचारलं. मी “हो” म्हटलं. खालचा आवाज बंद झाला होता. क्लासमधली एक मुलगी म्हणाली, “मॅम, आता किती क्लिअर ऐकू येतं!” मी तिच्यावर विनाकारण ओरडले.

संक्रांतीनंतर अण्णांनी अंथरूण धरलं. गाळ्याच्या मागेच त्यांचं घर. एका दुपारी मी मोसंबी घेऊन गेले. संजय कामावर होता, सून मंदा स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, मधलं दार उघडं. अण्णांचा चेहरा लहान झाला होता, पण डोळे जागे होते. “बाई,” म्हणाले, “वर शांत असतं हल्ली?” मी सांगितलं, की नवी बॅच अजून सुरू झाली नाही. “बरेच दिवस झाले इंग्रजी ऐकून. बोला की जरा.”

मी क्लासमधलं बोलायला लागले. माझं नाव अमुक, मी नाशिकला राहते, नाशिक गोदावरीच्या काठी आहे. त्यांनी हात हलवला. “हे नको. हे पत्र्याचं. आतलं काय असंल ते बोला.”

मंदा आत होती, तिला इंग्रजी कळत नव्हतं. अण्णांना कळत नव्हतं. मला वाटलं, याहून सुरक्षित जागा मला मिळणार नाही. आणि मी बोलले. मी इंग्रजीत त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर सहा महिने म्हणाले होते आणि त्यातले साडेचार गेले. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. तुमच्या कानाला काही झालेलं नाही, मी घाबरले म्हणून तसं म्हटलं. तुमचं घंगाळ माझ्यामुळे राहिलं. मला क्षमा करा. माझा आवाज मध्येच फाटला, पण मी थांबले नाही. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांची मान उशीवर हळूहळू डावीकडे कलली.

माझं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. “आता हेच मराठीत सांगा.”

आतलं भाजी चिरणं थांबलं होतं. मंदा ऐकत असावी. ते कारण आहे, पण खरं कारण ते नाही. मंदा नसती तरी मला सांगता आलं नसतं. तीच वाक्यं मराठीत घशाच्या वर येईनात. मी म्हटलं, “काही नाही हो अण्णा. म्हटलं, लवकर बरे व्हा, क्लासला परीक्षक नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी चादरीतून हात काढला, मधलं बोट दुमडलं आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच. “बाई,” म्हणाले, “इंग्रजी खणखणीत होतं. मराठी बद्द.”

मी खाली बघत राहिले.

“म्हंजी कान शाबूत हाय माझा,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की तो आठवला तरी मला आजही तोंड लपवावंसं वाटतं. स्वतःचं मरण पक्कं झाल्याचं ज्या मिनिटाला कळलं, त्याच मिनिटाला तो माणूस खूश झाला होता. “डॉक्टरबी मी बरोबर ऐकला होता. किती म्हणाला होता तो?” मी तेव्हाही तोंडानं बोलले नाही. एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताचं एक, अशी बोटं दाखवली. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. “मग दिवाळीला सांगायचं होतं, बाई,” म्हणाले. आवाजात राग नव्हता. ठोका कुठे चुकला ते दाखवावं, तसं सांगितलं. “हात चालत होता तवा. पुरं झालं असतं.”

मग त्यांनी हाक मारली, “मंदा, ते घंगाळ आण गं. न् खडू आण.” मंदानं ते दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि मी खाटेला टेकवून धरलं. ते सांगतील तसं मी फिरवत होते. ते बोटानं वाजवत, ऐकत, आणि मान हलवून म्हणत, “इथं.” मी तिथं खडूनं फुली मारायची. सात-आठ फुल्या झाल्या. “हातोडी देऊ का?” मी विचारलं. त्यांनी घेतली, एक ठोका मारला, दुसऱ्याला ती बोटांतून निसटून चादरीवर पडली. “राहू द्या,” म्हणाले. “कुठं राहिलंय ते तरी कळलं.” मंदा पदर तोंडाला लावून उभी होती. तिला न सांगता सगळं समजलं होतं.

पुढच्या बारा दिवसांत त्यांनी येईल त्याला घरातलं भांडं आणायला सांगितलं आणि पडल्या पडल्या वाजवून दिलं. गल्लीतल्या बायका रांग लावून येत होत्या. कल्पना आली तेव्हा तिला म्हणाले, “इंग्रजी बोल बरं.” ती बोलली, आणि त्यांनी खाटेची दांडी वाजवली. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी ते गेले. संजयनं मला एका शब्दानंही विचारलं नाही, की अण्णांना कसं कळलं. मीही सांगितलं नाही. म्हणजे त्या घरातही माझं एक लपवणं अजून चालूच आहे.

घंगाळ त्यांच्या कपाटावर पालथं ठेवलेलं आहे. संजय म्हणाला होता, दुसऱ्या तांबटाकडून पुरं करून घेऊ. केतकी नको म्हणाली. फुल्या कोणी पुसल्या नाहीत. मी गेले की खुर्चीवर चढून ते वाजवून बघते, फुलीवर आणि फुलीच्या बाजूला. मला दोन्हीकडे एकसारखंच ऐकू येतं.

क्लास चालू आहे. मागचं स्टूल तसंच आहे, त्यावर आता मुलांच्या बॅगा असतात. हे सगळं मी आधी इंग्रजीत लिहायला बसले होते. तीन पानं झाली, आणि चांगली झाली होती. वाचून पाहिली आणि फाडून टाकली, कारण इंग्रजीत मी हे एकदा बोलून चुकले आहे. जे त्या दुपारी अण्णांच्या आणि मंदाच्या समोर मराठीत म्हणायचं राहिलं, तेवढंच आता म्हणते. अण्णा, डॉक्टर सहा महिने म्हणाले होते. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. मी खोटं बोलले. माझं चुकलं.